शून्य म्हणजे सर्व ठीक

चाळिशी उलटलेल्या माणसाने काय करावे याविषयी जाणत्यांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. गोड कमी खावे, सकाळी स्टेशनपर्यंत पायी जाऊन यावे, मुलीच्या लग्नाची काळजी आतापासूनच थोडी थोडी करीत राहावी, वगैरे. परंतु चाळिशी उलटलेल्या माणसाने कॉम्प्युटरला हुकूम सोडायला शिकू नये, हे मात्र कोणीच सांगितलेले नाही. सांगितले असते तर मूर्तिजापुरातल्या एका बी. कॉम. कारकुनाची एक रात्र झोपेत गेली असती.

तसा कॉम्प्युटर मला नवा नाही. बँकेत दिवसभर मी त्याच्यापुढेच बसतो. पण बँकेतला कॉम्प्युटर म्हणजे सासऱ्यांची बैठक. बसायला मिळते, चहा मिळतो. कशाला हात लावायची सोय नसते. तिथे हुकूम वरून येतात आणि आपण नुसते 'एंटर' दाबतो. हुकूम सोडण्याची हौस माणसाने घरीच भागवून घ्यावी म्हटले, तर घरी ते खाते आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आमची कन्या अमरावतीहून आली. ती तिथे बी. सी. ए. करते. येताना तिने स्वतःचा जुना लॅपटॉप मला आणला. त्यात लिनक्स घातलेले, कारण दुसरे काही घातले की तो दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकी. तिने मला पायथन नावाची भाषा शिकवायला घेतली. नाव ऐकून आमची सौभाग्यवती दोन पावले मागे सरली. वास्तविक या भाषेचा सापाशी संबंध नाही. गीडो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थाने ती १९९१ साली लोकांपुढे आणली आणि इंग्लंडातल्या टेलिव्हिजनवरच्या एका विनोदी कार्यक्रमावरून तिला हे नाव दिले. विनोदाशी नाते आहे म्हटल्यावर मला धीर आला. पुढे जो विनोद झाला त्याची तेव्हा कल्पना नव्हती.

"पप्पा," कन्या म्हणाली, "तेच ते काम पुन्हा पुन्हा करायचं असेल ना, तर ते माणसानं करायचं नसतं. लूपमध्ये टाकायचं."

लूप म्हणजे फेरा. मी बावीस वर्षे बँकेत तेच ते काम पुन्हा पुन्हा करीत आलो आहे. आपण चौऱ्यांशी लक्षांपैकी नेमक्या कोणत्या फेऱ्यात आहोत, हे मला त्या दिवशी प्रथमच शास्त्रीय परिभाषेत कळले.

आता फेऱ्यात टाकण्याजोगे काम घरात होते. ते नानांच्या फोटोंचे.

नाना म्हणजे माझे वडील. ते शकुंतलेवर गार्ड होते. परक्या गावच्या वाचकांसाठी सांगतो, ही शकुंतला कण्वमुनींची नव्हे. आमच्या मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूरला आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळला जाणारी छोटी गाडी. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थेतली. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तेव्हाही हिची मालकी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला बनलेले १९२१ सालचे वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले, मग डिझेल आले, आणि आता तर काही वर्षांपासून गाडीच बंद आहे. अचलपूर शहात्तर-सत्त्याहत्तर किलोमीटर. तेवढ्याला ती चारेक तास घेई. गाडीतून उतरून, शेताच्या धुऱ्यावरची बोरे खाऊन, पुन्हा त्याच डब्यात चढता येते अशी तिची ख्याती होती. नाना ही गोष्ट मान्य करीत नसत. "बोरं खाल्ली असतीन लोकायनं. पन मी झेंडी दाखवल्याबिगर गाडी हालली नाई," एवढेच ते म्हणत.

नानांपाशी अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रिळात बारा फोटो. त्या कॅमेऱ्याने त्यांनी वीस-पंचवीस वर्षांत लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट, तिकडे कारंजा, दारव्हा, सगळी स्टेशने, इंजिने, ड्रायव्हर, खलाशी, फलाटावरच्या शेळ्या, असे मिळून दोनशे चौदा फोटो जमवले. गेल्या पावसाळ्यात छत गळले आणि अल्बमचा लगदा झाला. इथल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी ते फोटो पानापानावरून सोडवून, वाळवून, कॉम्प्युटरवर चढवून दिले. मूळ कागद त्यानंतर हातात धरण्यासारखेही राहिले नाहीत.

आणि नानांची आठवण तर अल्बमच्या आधीपासून गळू लागली होती. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सकाळी जेवलो की नाही हे त्यांना दुपारी सांगता येत नाही. मला ते कधी माझ्या नावाने, कधी धाकट्या काकांच्या नावाने आणि एकदा तर 'बुकिंग क्लार्क' म्हणून हाक मारतात. पण फोटो दाखवला की डोळ्यांत कंदील लागे. "हे बनोसा. हा चाक तपासून राह्यला थो फिटर." म्हणून मी ठरवले, हे फोटो लहान करावेत, त्यांना 'नाना-१', 'नाना-२' असे ओळीने क्रमांक द्यावेत आणि टीव्हीवर लावून द्यावेत. नानांनी दुपारभर बघत बसावे.

दोनशे चौदा फोटो. म्हणजे फेराच.

इमेजमॅजिक नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्याला 'कन्व्हर्ट' असा हुकूम दिला की तो फोटो लहान करून नव्या नावाने ठेवतो. हा हुकूम पायथनच्या आतून सोडायची सोय आहे. तिला 'ओएस डॉट सिस्टिम' म्हणतात. कंसात हुकूम लिहायचा, की तो जणू आपण स्वतः टाइप केल्यासारखा पाळला जातो. कन्या अमरावतीला परत गेली होती. शनिवारी, दुसरा शनिवार म्हणून बँक बंद, मी बाह्या सरसावून बसलो.

पहिल्या ओळीत मी हुकूम दिला, 'फोटोंच्या फोल्डरमध्ये जा.' पुढच्या ओळीत, 'तिथला फोटो लहान कर.' फेरा सुरू केला. पडद्यावर दोनशे चौदा वेळा उत्तर आले, की अशी कोणतीही फाइल नाही.

मी कन्येला फोन लावला. ती हसली. 'ओएस डॉट सिस्टिम' म्हटले की दर हुकमाला एक नवा शेल सुरू होतो, तो काम करतो आणि तिथेच संपतो, असे तिने सांगितले. ही गोष्ट मला बँकेच्या भाषेत लगेच उमगली. समजा मी शिपायाला सांगितले, "अकोल्याला जा." तो गेला. म्हणून काय मी अकोल्यात पोचलो? मी आपला मूर्तिजापुरातच. आणि पुढच्या कामाला जो शिपाई येतो तो दुसराच, कोरा. त्याला अकोल्याचे काही ठाऊक नाही. मी मात्र त्याला म्हणतोय, "तिथल्या कपाटातली फाइल दे." तो बिचारा मूर्तिजापूरच्या कपाटात शोधतो आणि 'नाही' म्हणतो. दोनशे चौदा फोटोंसाठी मी चारशे अठ्ठावीस शिपाई नेमले आणि सेवानिवृत्त केले. पेन्शनीचा बोजा पडला असता तर कॉम्प्युटर बुडीत निघाला असता.

मग प्रत्येक फोटोचा पूर्ण पत्ताच हुकमात लिहिला. दुसरा फेरा. पुन्हा चुका. या खेपेला तक्रार वेगळी होती. स्टुडिओवाल्या काकांनी फाइलींची नावे हौसेने दिली होती : 'लाखपुरी स्टेशन', 'बनोसा इंजिन'. दोन शब्दांत मोकळी जागा. शेल नावाचा प्राणी मोकळी जागा दिसली की शब्द तोडतो. 'लाखपुरी' ही एक फाइल आणि 'स्टेशन' ही दुसरी असे तो समजला, आणि दोन्ही सापडेनात म्हणून बोंबलू लागला. 'मूर्तिजापूर शाखा' अशा पत्त्यावरचे पाकीट पोस्टमनने मधोमध फाडून अर्धे मूर्तिजापूरला आणि अर्धे शाखा नावाच्या गावाला पोचवायला घ्यावे, तसा हा प्रकार. मी मोकळ्या जागा काढून टाकल्या. मोकळ्या जागेचे महत्त्व आपल्याला कळले, असेही मला वाटले. ते वाटणे अकाली होते.

तिसऱ्या फेऱ्यापूर्वी मी कार्यक्रमाला थोडी शिस्त आणली. हुकूम पार पडला की 'ओएस डॉट सिस्टिम' एक आकडा परत करते. शून्य आले तर सर्व ठीक. शून्याखेरीज काहीही आले तर गडबड. बँकेच्या माणसाला हे पचायला जड जाते. आमच्याकडे खात्यात शून्य दिसले की खातेदार काउंटरवर उभा राहून पूर्वजांचा उद्धार करतो. पण विचार केला तर हे बरोबर आहे. काम नीट होण्याची तऱ्हा एकच असते. बिघडण्याच्या तऱ्हा शेकडो. म्हणून आकडे सगळे चुकांना वाटले आणि यशाला शून्य ठेवले. हा आकडा मी दर फेरीला पडद्यावर छापायची व्यवस्था केली. आणि जागा वाचावी म्हणून, फोटो लहान झाला की मूळ मोठा फोटो पुसून टाक, असा दुसरा हुकूम त्याच फेऱ्यात लगेच खाली जोडला. काटकसर हा आमच्या घराण्याचा जुना रोग आहे.

फेरा सुरू झाला. शून्य. शून्य. शून्य. शून्य. एकेका फोटोला एखादा सेकंद. इतकी सुंदर शून्ये मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी सौभाग्यवतीला बोलावून दाखवली. "शून्यच तर हाय," ती म्हणाली. "अगं, शून्य म्हणजे सर्व ठीक!" मी म्हणालो आणि चहाचा कप उचलून सहज नवा फोल्डर उघडला. किती झाले पाहावे म्हणून.

फोल्डरमध्ये एकच फोटो होता. 'नाना-१'. त्यात एक शेळी होती. मी पाहता पाहता शेळीचे इंजिन झाले. मग इंजिनाचे पथ्रोट झाले. नाव मात्र तेच, 'नाना-१'.

पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर तिचा अर्थ ठरतो. 'क्रमांक एकपासून सुरू कर' ही ओळ मी फेऱ्याच्या बाहेर लिहायला हवी होती. ती चार मोकळ्या जागा आत सरकली होती. म्हणजे दर फेरीला क्रमांक पुन्हा एकच. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोच्या उरावर बसत होता आणि मूळचा पुसला जात होता. आणि कॉम्प्युटर मला दर खेपेला शून्य दाखवीत होता. तो खोटे बोलत नव्हता. त्याला लहान कर म्हटले, त्याने केले. पूस म्हटले, त्याने पुसले. हुकूम ठीक पाळला गेला, एवढेच शून्य सांगते. हुकूम शहाणपणाचा होता की नाही, हे सांगण्याचा आकडा अजून निघालेला नाही.

मी कपासकट कीबोर्डवर झेप घेतली. चालू काम थांबवायला 'कंट्रोल-सी' दाबतात हे मला शिकवले होते. मी दाबले. एक शून्य गेले आणि भलताच आकडा आला. पुढच्या क्षणी फेरा चालूच! पुन्हा दाबले. पुन्हा तेच. याचे कारण मागाहून समजले. 'ओएस डॉट सिस्टिम' आपल्या शिपायाची वाट पाहत असते तेव्हा ती स्वतःचे कान बंद करून घेते. 'कंट्रोल-सी' ऐकू जाते ते फक्त हातात काम असलेल्या शिपायाला. तो मरतो. साहेब शांतपणे पुढच्याला बोलावतात. मी दर खेपेला फोटो लहान करणाऱ्याला मारीत होतो, आणि त्याच्या मागून मूळ फोटो पुसणारा येऊन, आधीच्याचे काय झाले हे न विचारता, आपले काम चोख करून जात होता. म्हणजे आधी निदान एकाच्या उरावर दुसरा बसत होता. आता तर माझ्या धडपडीने फोटो सरळ स्वर्गाला जात होते.

"वायर उपटा!" सौभाग्यवती ओरडली. मी उपटली. लॅपटॉपला बॅटरी असते.

शेवटी मी बटण दाबून धरले आणि त्याला कायमचा अंधार केला. पुन्हा चालू करून मोजले, तर दोनशे चौदातले एकशे तीन उरले होते. हुकमाने पुसलेले कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. आमच्या तालुक्यातल्या दापुऱ्याला गाडगेबाबांचे बालपण मामाकडे गेले. त्यांनी पुढे उभ्या महाराष्ट्रातली गावे खराट्याने झाडली, पण कोणाच्या घरातली चीजवस्तू झाडून नेली नाही. तो पराक्रम मी केला.

आणि पेन ड्राइव्हवरची प्रत? ती मी लॅपटॉपवर घेताना 'कॉपी' न म्हणता 'कट' म्हटले होते. काटकसर. स्टुडिओला धावलो तर कुलूप. काका लग्नाला कारंज्याला गेलेले, मंगळवारी येणार. फोनवर लग्नातला बँड ऐकू आला, काका ऐकू आले नाहीत.

रविवारी दुपारी मी नानांच्या खाटेशी बसलो. टीव्हीवर फोटो लावायचे कबूल केले होते, तेवढे मात्र त्यांच्या ध्यानात होते. मी सगळे सांगून टाकले. फेरा, शिपाई, शून्य, सगळे. वाटले, त्यांना यातले काय कळणार! नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले,

"मांगं पाह्यलं होतं का तू?"

"म्हणजे?"

"अबे, गाडी ठेसनावर थांबली. उतरनारे उतरले, चढनारे चढले. गार्डानं काय करा लागते? मांगच्या डब्यापासून पुढं डोयानं पाहा लागते. कोनाचा पाय खाली नाई, दार उघडं नाई, डबा सुटला नाई. मंग हिरवी झेंडी. नाईतर लाल. डायवर पुढं पाह्यते, त्याले मांगचं दिसत नाई. म्हनून तर गार्ड ठेवते रेलवे. तुह्या गाडीत गार्डच नोयता."

मी थक्क झालो. बँकेत आम्ही हेच करतो. एकाने व्हाउचर करायचे, दुसऱ्याने तपासून पास करायचे. दहा रुपयांची नोंदसुद्धा एका सहीवर पुढे जात नाही. बावीस वर्षे हा नियम पाळणाऱ्या माणसाने घरी बसून एकट्याच्या सहीवर एकशे अकरा फोटो उडवले होते. कारण नुसता आकडा छापणे म्हणजे तपासणे नव्हे. आकडा पाहून गाडी थांबवणारा कोणी तरी पाहिजे.

"जाऊ दे," नाना म्हणाले. "काय काय गेलं, लिही."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मूर्तिजापूरपासून, स्टेशनाच्या क्रमाने. लाखपुरीचा फलाट, त्यावर कापसाच्या गाठी. बनोसाला पाणी घेणारे इंजिन. अंजनगावला पानांच्या करंड्या. कोणत्या फोटोत कोण उभा, कोणाची टोपी वाकडी, कोण पुढे खंडव्याला बदलून गेला. सकाळी काय जेवले ते न सांगता येणारा माणूस चाळीस वर्षांपूर्वीचा एकेक फोटो उतरवून घेत होता, आणि मी वहीत लिहीत होतो. एका स्टेशनावरून ते पुढच्यावर घाईने जात नव्हते. "झालं का लिहून?" असे विचारीत, मी हो म्हटले की मगच पुढे.

"लाखपुरीले तुही माय उभी हाय," ते मध्येच म्हणाले. "डबा आनला होता मले. हिरवं लुगडं. कडीले हात." हा फोटो मी कधी पाहिलेला नव्हता. तरी लिहून घेतला.

मंगळवारी स्टुडिओवाले काका आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पुसले ना? बसा. आम्ही निगेटिव्हच्या जमान्यातले लोक. गिऱ्हाइकाला फोटो देतो, निगेटिव्ह फेकत नसतो." त्यांच्या डिस्कवर दोनशे चौदाच्या दोनशे चौदा फोटो होते. मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले आणि दोन पेन ड्राइव्हवर प्रती घेतल्या. 'कॉपी' म्हणून.

त्या रात्री कन्येने फोनवरून नवा कार्यक्रम सांगितला. पहिल्यांदा हुकूम सोडायचेच नाहीत. नुसते पडद्यावर छापायचे आणि शांतपणे वाचायचे. मी छापले आणि पहिल्या पाच ओळींतच 'नाना-१' पाच वेळा दिसले. शनिवारी हे केले असते तर हा लेख झाला नसता. मग ओळ चार जागा मागे घेतली. 'ओएस डॉट सिस्टिम'ला रजा देऊन 'सबप्रोसेस' नावाच्या तिच्या शहाण्या बहिणीला बोलावले. हिला हुकमातला एकेक शब्द वेगळा, यादी करून देतात. त्यामुळे 'लाखपुरी स्टेशन' अखंड राहते. हिला 'चेक' असे सांगून ठेवले की शून्याखेरीज आकडा येताच फेरा जागच्या जागी थांबतो. 'कंट्रोल-सी'ही हिला ऐकू येते. आणि पुसण्याचा हुकूम फेऱ्यातून मी साफ काढून टाकला. मोठे फोटो जागा खातात. खाऊ देत.

आता दुपारी नाना टीव्हीपुढे बसतात. वही घेऊन मी एकदा सगळे फोटो ताडून पाहिले. नानांनी सांगितलेले सगळे त्यात होते; लाखपुरीचे हिरवे लुगडे मात्र कुठेच नव्हते. दोनदा शोधले. मग त्यांनाच विचारले.

"कसा असन?" नाना टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "त्या दिशी रीळ सरलं होतं. थो फोटो निघालाच नाई."

"मग तुम्ही तो सांगितला कसा?"

"म्या पाह्यला ना मांगं वळून. झेंडी दाखवाच्या आंधी."